श्रावणातलं अवांतर वाचन

मुलांना वाचनाची गोडी लावा, असं सगळे मलाच सांगत असतात ना? मग ऐका माझी काय गत झाली ती. तिसरीच्या वर्गात मी नियम केला, की आपल्या आवडीचं पुस्तक निवडायचं आणि घरी नेऊन आपलं आपण वाचायचं. आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे मुळीच पसंत नव्हतं. "एक जरी पुस्तक खराब झालं, तरी कपाटाला कुलूप," त्यांनी बजावलं होतं.

गेल्या आठवड्यात मच्छीमार नगरच्या साक्षीने पुस्तक परत आणलं आणि अख्ख्या वर्गाने नाकं धरली. पुस्तकाला सुक्या बोंबलांचा वास! तेवढ्यात मोठ्या बाई दारात. माझं तर धाबंच दणाणलं.

"कुठे ठेवलं होतंस गं हे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बोंबलांच्या डब्यात," साक्षी शांतपणे म्हणाली. "पावसाचं पाणी घरात येतं ना. आई म्हणाली, तो एक डबाच कोरडा राहतो."

खरंच, पुस्तकाला एक थेंब लागला नव्हता. वर पोरीला गोष्ट तोंडपाठ!

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं, नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटले. बाई मूळच्या मालवणच्या, आणि श्रावण एकदम कडक पाळणाऱ्या.

"खराब कुठे झालंय?" त्या हळूच म्हणाल्या. "पण वर्गात नको. गणपती होईपर्यंत माझ्या टेबलावर राहू दे."

सध्या रोज मधल्या सुट्टीत दुधीची भाजी खाताना त्या ते पुस्तक समोर उघडून बसतात.