ते आत आले की

(बडोदे. दुपार. इंदिराबाई पलंगावर आडव्या, मुलगी भक्ती उशाशी.)

इंदिराबाई: म्हणजे भिंतीला चीर गेली की गवंडी भरतो, तसंच.

भक्ती: तसंच म्हण. पण फोडाफोड नाही. तेवढीच जागा बधिर करतात आणि सुईनं त्या हाडात सिमेंट सोडतात.

इंदिराबाई: एक्स-रे काढला तेव्हा काही नाही म्हणाले होते.

भक्ती: माकडहाडाच्या वरचं हाड आहे ते, तिथली चीर एक्स-रेत सहज दिसत नाही. एमआरआयत दिसली. पडून राहून भरेल असं वाटलं होतं, नाही भरली.

इंदिराबाई: मला नको ते.

भक्ती: कूस बदलताना ओठ चावतेस, मी बघते ना. हाड नवं होणार नाही, पण दुखणं बरंच उतरेल, घरात चालती होशील. ‘बा, हिंमत राखजो’ म्हणून डॉक्टरांनी गुजरातीत धीर दिला ना तुला?

इंदिराबाई: चालून जाऊ कुठे? ज्यांच्यासाठी उठायचं, ते गेले. या भिंतीपलीकडे पडले, भक्ती. मी ऐकलं. हाका मारत राहिले मी, पण अंग उचलेना.

भक्ती: त्यात तुझा काय दोष?

इंदिराबाई: दोष नाही गं, राग आहे. मी अंथरूण धरलं आणि यांनी खोलीत पाऊल टाकायचं सोडलं. बाहेरूनच ‘बरंय ना?’ विचारायचं आणि पुढे जायचं. गरज सरो, वैद्य मरो.

भक्ती: असं नको बोलूस. आबा पहिल्यांदा आत आले, तेव्हा तू काय केलंस?

इंदिराबाई: काय करणार? उठले.

भक्ती: हलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?

इंदिराबाई: ते आत येणार आणि मी लोळत पडू? सासूबाईंनी लावलेलं वळण आहे. ते आत आले की उभं राहायचं.

भक्ती: दुसऱ्या वेळीही उठलीस, कळ येऊन ओरडलीस. बाहेर येऊन मला म्हणाले, ‘मी गेलो की ती उठते. उठू नको म्हटलं तर हो म्हणते आणि उठतेच. आता मीच जात नाही.’

इंदिराबाई: मला बोलले का नाहीत?

भक्ती: मी सांगते म्हटलं, तर नको म्हणाले. तिला अपराधी वाटेल म्हणाले. मग दाराबाहेर, तुला दिसणार नाही अशी खुर्ची टाकून बसायचे. तुझा डोळा लागला की आत यायचे, पायांवरचं पांघरूण सारखं करायचे.

इंदिराबाई: मला वाटायचं, तू करतेस.

भक्ती: नाही, आई.

इंदिराबाई: खुर्ची कुठे असायची?

भक्ती: दाराच्या डाव्या अंगाला. तिथून तुझी उशी दिसते.

इंदिराबाई: डॉक्टरांना हो म्हणून कळव. मला तिथवर जायचंय.