सातवं कलम

(अमरावती, १९५९. तालमीची ओसरी. सकाळची मेहनत आटोपली आहे. वस्ताद अब्दुल सत्तार, तालमीचे चिटणीस उत्तमराव आणि इथंच तयार झालेला पहिलवान देवमन.)

उत्तमराव : मोर्शी शाखेच्या व्यवस्थापकाच्या कागदावर सही का नाही केलीस रे, देवमन? चांदूर बाजारच्या शाखेवर पुंजाजी गेला, बार्शीटाकळीला जानराव. दोघांनी कागद वाचलासुद्धा नाही!

देवमन : म्या वाचला ना. तीच तर पंचाईत झाली.

सत्तार : असं काय लिवलं हाय त्यात? वाचून दाखव बेटा, चश्मा घरी राह्यला माहा.

देवमन : सातवं कलम. 'व्यवस्थापकाने शाखेवरच राहावे व रोज पहाटे स्वहस्ते मारुतीची पूजा करून दिवा लावावा.' राहाले मी तयार हाय, वस्ताद. पूजा माह्याच्यानं नाई होत. तीन वर्सं झाली नागपूरले दीक्षा घेऊन. देवपूजा करनार नाई असा शब्द देला हाय.

उत्तमराव : अरे बाबा, सही कर नि मोकळा हो. मोर्शीला पहाटे कोण पाहायला येणार आहे?

देवमन : पोरं येतीन ना! लंगोट कसाच्या आंधी खरं बोलाले शिका, असं वस्ताद म्हन्ते. अन् मी खोट्या सहीवर त्या पोराईचा वस्ताद होऊ काय?

सत्तार : शाबास रे पठ्ठे!

उत्तमराव : तुम्ही शाबासकी देऊन मोकळे, वस्ताद. मोर्शीच्या पंचांनी त्यांची जुनी तालीम आपल्या हवाली केली, ती विश्वासानं. मूर्तीपुढे अंधार दिसला तर उत्तर मला द्यावं लागेल.

देवमन : म्हनून तर कागद वापस आनला. मोर्शी दुसऱ्याले द्या. वाईट वाटते, खोटं काहून सांगू? लय वाईट वाटते.

सत्तार : मले एक सांग. चांदूर बाजार घे म्हटलं, त बी तू मोर्शीच धरून बसला होता. काहून?

देवमन : माहा बाप त्या तालमीत माती टाके, वस्ताद. मोतीराम. टेकडीवरून लाल माती डोक्यावर आने. टोपलं दारात ठेवाचं अन् मांगं सरकाचं. मंग आतून कोनी येऊन माती घेऊन जाये. मातीले इटाळ नव्हता, मानसाले होता. वीस वर्सं माती टाकली बाबानं, पन कुस्तीचा हौद कसा दिसते ते काही पाह्यलं नाई. मले वाटलं होतं, आता किल्लीच आपल्या हाती येऊन राहिली.

उत्तमराव : हे तू कधी बोलला नाहीस.

देवमन : तुमी कधी इचारलं नाई.

सत्तार : उत्तमराव, या तालमीत मी किती सालापासून हाय?

उत्तमराव : तीस वर्षं होतील.

सत्तार : अन् मारुतीचा दिवा कोन लावते?

उत्तमराव : पोरं लावतात की. पाळीचा कागद भिंतीवर आहे.

सत्तार : एखाद्या दिवशी राह्यला?

उत्तमराव : छे हो. कधीच नाही.

सत्तार : मी फजरची नमाज पढून येतो अन् माती उकरतो. दिवा पोरं लावते. तीस सालात कोनाची तक्रार नाई. आता तुमी हे सातवं कलम काढलं, त मी बी घरी जाऊ काय?

उत्तमराव : भलतंच काय बोलता वस्ताद! शाखा वाढल्या, नियम हवेत, म्हणून एका बैठकीत बसून लिहून काढलं सगळं. खरं सांगतो, लिहिताना तुम्ही डोक्यातच आला नाहीत.

सत्तार : तेच त म्हन्तो मी. अन् हा बी नाई आला. खोडा ते.

उत्तमराव : आणि पंचांना काय सांगू?

सत्तार : मी सांगतो. उद्या सकाळच्या मोटारीनं याच्यासंगं मोर्शीले जातो. म्हन्तो, याच्यापेक्षा चांगला मानूस माह्यापाशी नाई. हा नसन त मी बी नाई.

देवमन : वस्ताद, माह्यासाठी तुमी कायले...

सत्तार : चूप बस बे. मोठ्याच्या मधात बोलते.

उत्तमराव : आण तो कागद इकडे. हं... 'व्यवस्थापकाने रोज पहाटे स्वतः हौदाची माती उकरावी. मारुतीचा दिवा विद्यार्थी पाळीपाळीने लावतील.' चालेल?

देवमन : चालते. पन आनखी एक ओळ टाका साहेब. तेलवातीची सोय व्यवस्थापकानं पाहावी. ज्या पोराले दिवा लावाचा हाय, त्याले तेल कमी पडू देनार नाई मी.

उत्तमराव : टाकली, बाबा. टाकली. आता तरी सही कर.

सत्तार : कर. अन् जाताना हे पोतं उचल. आपल्या हौदातली माती हाय. नव्या शाखेत मिसळल्याबिगर पयली कुस्ती लावाची नाई. रिवाज हाय आपला.

देवमन : ते काम बाबाच करन, वस्ताद. म्हातारा झाला, पन टोपलं उचलते अजून. फकत या खेपी मी दारात उभा राहीन अन् त्याले म्हनन, इथं ठेवू नको बाबा. आत ये.