घंटा चालूच राहिली

माझी तर पाचावर धारण बसली होती, सांगतो ना! भुताच्या गेमला संगीत द्यायचं काम होतं, मी अख्खा ऑर्केस्ट्रा लावला होता. गेमवाला म्हणाला, "भीती नाही वाटत रे." मी चिडून सगळं उडवलं आणि आमच्या उमेळे गावात कोणी वारलं की चर्चची घंटा वाजते ना, संथ, तेवढीच ठेवली. स्पीकरवर लावली, तर आई पिठाच्या हातांनी धावत आली.

"कोण गेलं रे?"

"अगं, कोणी नाही, माझा गेम आहे." मी हसत लॅपटॉप मिटला.

घंटा चालूच राहिली. चर्चकडून.

आई हळूच म्हणाली, "पप्पांना फोन लाव. वाडीत एकटेच आहेत."

रिंग जात राहिली, उचलेनात. तेवढ्यात पप्पाच धापा टाकत दारात आले. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आहात ना दोघं?"