माझा तलवार

आमची रेवा जन्मापासून डमडमची, त्यामुळे तिला मराठीत विचारलं की उत्तर बंगालीत येणार, हे आता आम्ही धरूनच चालतो. परवा तिला नवा रोल-प्लेइंग गेम आणून दिला. त्यातला हीरो खणखणीत आवाजात बोलतो. पण दोनच दिवसांत बाईंनी तो बंद करून जुना काढला, ज्यातला हीरो तोंडच उघडत नाही.

"अगं, मुक्या हीरोत काय मजा?" मी विचारलं.

ती बंगालीत म्हणाली, "नवा आपलं आपणच बोलून मोकळा होतो, बाबा. याच्या वतीने मी बोलते."

आता ही बोलते तरी काय, म्हणून मी दाराआड उभा राहिलो. पडद्यावरच्या लोहाराने इंग्रजीत विचारलं, काय हवंय? आणि आमची कन्या ठसक्यात, चक्क मराठीत म्हणाली, "काका, माझा तलवार तुटला. नवा द्या!"

मला कुठलं राहवतंय! "माझी तलवार तुटली," मी दाराआडूनच म्हणालो.

लोहार उत्तराची वाट बघत उभा.

"बोल की गं पुढे," मी म्हटलं.

"कसा बोलेल? तो मुका आहे," रेवा म्हणाली. बंगालीत.