मोज्यातल्या बाटल्या

(गुडघा बदलून चार दिवस झालेत. खाटेवर टेलर मास्तर, उशाशी त्याची ताई, पायाशी फिजिओथेरपीच्या मॅडम.)

मॅडम : थांबा. काल हा गुडघा सत्तर अंशांपर्यंत वाकत होता. आज पन्नासलाच अडलाय, आणि हाताला गरमही लागतोय.

मास्तर : झोप नीट झाली नाही, म्हणून असेल. तुम्ही वाकवा हो. याच पायानं शिलाई मशीन चालवायचंय मला.

मॅडम : आत रक्त उतरतंय का, ते आधी बघावं लागेल. सकाळचं इंजेक्शन घेतलंत ना? हिमोफिलियात रक्त लवकर गोठत नाही; आधी ते, मग व्यायाम.

मास्तर : घेतलं की, स्वतःच्या हातानं. माझी शीर नर्सपेक्षा मलाच लवकर सापडते. तिनंच कबूल केलंय.

ताई : किती घेतलंस?

मास्तर : दिलं तेवढं.

ताई : मग तुझ्या मोज्यांत इंजेक्शनच्या या तीन भरलेल्या बाटल्या कशा आल्या? धुवायला घेतले, तर हाताला काच लागली.

मॅडम : मास्तर?

मास्तर : रोज दोन मिळतात. एक घेतो, एक बाजूला ठेवतो.

ताई : उरलेलं कापड जपतोस ते ठीक. हे काय कापड आहे होय रे?

मॅडम : म्हणजे अर्ध्या औषधावर मी रोज तुमचा पाय वाकवत होते? आधी सांगितलं असतंत, तर बोटही लावलं नसतं मी.

मास्तर : म्हणून तर नाही सांगितलं.

मॅडम : आता व्यायाम बंद. डॉक्टरांना बोलावते, राहिलेला डोस लगेच घ्यायचा. सांध्यात रक्त साचत राहिलं, तर हा नवा गुडघाही जुन्यासारखा आखडून बसेल. मग मशीन विसरा.

मास्तर : सगळं संपवलं आणि उद्या लागलं तर? आमचा दादा तसाच गेला. त्यालाही हाच आजार होता, आणि घरात औषधाचा थेंब नव्हता. मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून सगळं टोचून घ्यायला जीव धजत नाही माझा. भीती वाटते.

मॅडम : संपलं, तर खालच्या मजल्यावर औषधांच्या दुकानात फोन करायचा. दहा मिनिटांत वर येतं.

मास्तर : नुसता फोन?

मॅडम : नुसता फोन.

ताई : दादाच्या वेळी आई त्याला पाठीवर घेऊन या औषधासाठी तीन दवाखाने फिरली होती. घे आता, पूर्ण घे.