बद्रीनाथकाकांची राहिलेली पानं

नाही, पण मला सांगा, गेलेल्या माणसाचं वाचायचं राहिलं असेल तर आपण काय करायचं?... हसू नका! कादंबरी सुचवणं सोपं नसतं, तुम्हाला सांगते. आमच्या बजाजनगरच्या कॉलनीत मंदिरामागच्या खोलीत वाचनालय आहे, तिथं ते चालवणाऱ्या सरोजिनी मॅडमनी मला पुस्तकं सुचवायला बसवलं, का, तर म्हणे, "ही बोलत नाही, पण वाचते खूप!" अहो, जी बोलत नाही तिलाच बोलायला बसवायचं? तरी शिकले मी... कंपनीतून दमून आलेल्याला विनोदी, कॉलेजच्या मुलांना परग्रहावरची, नव्या सुनांना प्रेमाची, पण कव्हर घालून! आणि बद्रीनाथकाकांना फक्त खुनाची. मी एक जाडजूड दिली, काका शेवटाला आले आणि... गेले. दुपारी झोपेतच. पान तसंच दुमडलेलं.

तेराव्यानंतर त्यांची बायको, मनकर्णाकाकू, वाचनालयाच्या दारात उभ्या. "पोरी, दुपारचा डोळा लागला की हे येतेत बघ. खाटंवर बसतेत अन् इचारतेत, 'मनकर्णे, खून कुणी केला गं?' मला काय ठावं? म्या केला व्हय?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा! मी म्हटलं, "काकू, एखादी प्रेमाची देऊ? मन रमेल."

"माझं रमवून काय करू? जीव त्यांचा अडकलाय!"

सांगून टाकणार होते हो मी खुनी... पण वाचणाऱ्याला शेवट कसा सांगायचा? तेवढ्यात कपाटामागं कुणी तरी खोकलं. काकांसारखंच! वळून बघते तर कुणी नाही. कसंबसं म्हटलं, "काकू... राहिलेली पानं तुम्हीच वाचा."

लाइट बिलापलीकडं काही न वाचणारी बाई, ओळीखाली बोट धरधरून वाचत राहिली. इकडं मला कॉलेजात वर्गातला पंखासुद्धा विचारायचा, खून कुणी केला गं, खून कुणी केला गं... कादंबरी सुचवणं सोपं नसतं, तुम्हाला सांगते!

शेवटी काकू पुस्तक घेऊन आल्या. "कळला खुनी. त्यो गोडबोल्या डाक्टर!"

"मग सांगितलंत काकांना?"

"नाय."

"अहो, का? सुटतील ना ते!"

काकूंनी पदरानं पुस्तक पुसलं, हळूच. "म्हणून तर नाय सांगितलं. सुटले म्हंजी यायचे बंद व्हतील की... आता दुसरी दे. लई जाड दे. अन् खुनी लवकर घावला नाय पायजे."

दिली. काय करणार? परवा मॅडम म्हणाल्या, "गेलेल्या सभासदांची नावं काढून टाक गं." आता काकांचं नाव काढू कसं? सगळ्यांत नियमित वाचक तेच आहेत!