उशाला आपलं माणूस

जमलेल्या थोरामोठ्यांनो, दाभोशाहून, वांगणीहून पायी आलेल्या माझ्या भावांनो, आणि माई,

मला बोलायला उभं केलंय खरं, पण सभेत बोलायची मला सवय नाही. डॉक्टरसाहेब असते तर म्हणाले असते, "कासम, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना कुठे अडतोस रे?" मी शिंप्याचा मुलगा. जव्हार दरबारच्या दवाखान्यात मलमपट्टी करतो. इंग्रज-तुर्कांच्या लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला डॉक्टर वामनराव आपण होऊन बसऱ्याला निघाले, तेव्हा मीही त्यांच्यामागे आगबोटीत चढलो. दोघं गेलो होतो. मी एकटाच परत आलो.

आज सकाळी माईंच्या पाया पडायला गेलो. मुलगा गेलेली आई, पण त्यांनी एकच विचारलं, "उशाला कोण होतं रे त्याच्या?" तेवढ्यात माणसं भेटायला आली आणि उत्तर राहून गेलं. ते आता सर्वांसमोर देतो.

उशाला कोण, हा सवाल आपल्या दवाखान्यात आला तो दाभोशाच्या एका भावामुळे. तो आज इथे बसलाय, हसतोयही. झाडावरून पडून त्याचा हात चेचला होता. डॉक्टरसाहेब तेव्हा नवे होते. त्यांनी गावकऱ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि भुलीचं औषध हुंगवणार तोच हा पठ्ठ्या टेबलावरून उडी मारून खिडकीतून पसार! आम्ही पळतोय मागे. अखेर त्याचा म्हातारा चुलता डॉक्टरांना म्हणाला, "दागतर, उशाला आपला मानूस नाय, त त्याना जीव कोनाला धरून रेहेल?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. आमच्या साहेबांनी त्याच म्हाताऱ्याचे हात साबणाने धुवायला लावले, तोंडाला फडकं बांधलं आणि स्टुलावर बसवलं, रोग्याच्या उशाशी. तेव्हापासून तोच रिवाज झाला. घरचं माणूस उशाला बसल्याशिवाय साहेब सुरी हातात घेत नसत. घरचं नसेल तर गावचं, आणि गावचंही नसेल तर निदान बोलीचं.

निघायच्या दिवशी अर्धं जव्हार वेशीवर आलं होतं. माई आल्या नाहीत. लोक कुजबुजले, म्हातारी रागावली. बैलगाडी घाट उतरू लागली तसे साहेब आपणच म्हणाले, "रागावली नाही रे. हातावर दही घातलं आणि तशीच आत वळली. तिला निरोप देता येत नाही. मलाही कुठे येतो?" माई, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

बसऱ्याला तंबूतला दवाखाना. वाळू, माश्या आणि कण्हणारी माणसं. तिथे कोणाचं कोण? पण साहेब तंबू-तंबूतून विचारत फिरत, "याच्या मुलखाचं कोणी आहे का?" मोठे गोरे डॉक्टर ओरडत, वेळ कुठे आहे म्हणून. साहेब म्हणत, "घाबरलेल्या माणसाला सुरी लावू कसा?" मोठ्या डॉक्टरांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. फक्त ओरडणं थांबलं.

एकदा एक शिपाई आला, त्याची बोली कोणालाच कळेना. साहेबांनी मला बसवलं. मी म्हटलं, "बोलू काय?" म्हणाले, "काहीही बोल. माणसाचा आवाज हवा त्याला." मी त्याला आमच्या बाजारातल्या मांजरपाट आणि छीट कापडाची थोरवी सांगितली. माझा हात धरून तो भुलीत शांत झोपला.

मग साहेबांनाच विषमज्वर झाला. लोकहो, ज्यांनी इतक्यांच्या उशाला माणूस बसवलं, त्यांना एकटं कसं टाकीन? मी तिथेच होतो, माई. शेवटपर्यंत. शेवटच्या दुपारी ते म्हणाले, "कासम, बोल काहीतरी." आता कापडाचं काय सांगणार? मी तुमच्या घराचं बोललो. म्हटलं, माई चुलीशी बसल्यात, नाचणीची भाकरी थापताहेत. अंबाडीची भाजी झालीय, वर लसणाची चरचरीत फोडणी.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण कपाळाला आठी पडली. म्हणाले, "लसूण नाही. माई लसूण घालत नाही."

त्यानंतर ते बोलले नाहीत. हात माझ्या हातात होता, तो हळूहळू सैल झाला. पलटणीतल्या आपल्या मराठी लोकांनी नदीकाठी अग्नी दिला, जमेल तसे मंत्रही म्हटले.

माई, उशाला मी होतो. पण खरं सांगू? साहेब माझ्याजवळ नव्हतेच. ते तुमच्या स्वयंपाकघरात होते.

आता सभेची रीत म्हणून उभं राहायला सांगतील. माझी हात जोडून विनंती आहे, उठू नका. उशाशी कोणी उभं राहत नाही. माईंच्या जवळ सरका, आणि थोडा वेळ नुसते बसून राहा.